अंगावर पाजताना वजन उतरवायचं, पण दुधाला धक्का न लावता

बाळ दोन महिन्यांचं झालं की घरात दोन सल्ले एकाच वेळी सुरू होतात. आई आणि सासूबाई म्हणतात, "खा गं, दुधावर आहेस." मैत्रिणी म्हणतात, "पाजतेस ना, आपोआप बारीक होशील." दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही जसेच्या तसे पाळले तर पाचव्या महिन्यात वजन बाळंतपणानंतरच्या वजनापेक्षाही जास्त भरतं. दुधाला काय लागतं आणि वजन कशाने वाढतं हे वेगळं करता आलं, तर बाळाच्या वाट्याचं काहीही कमी न करता महिन्याला दीड-दोन किलो उतरवता येतात.

आधी हिशेब

गरोदरपणात वाढलेल्या १० ते १२ किलोंपैकी पाच-सहा किलो प्रसूतीच्या वेळीच जातात: बाळ, वार, गर्भजल आणि रक्त. पुढच्या एक-दोन आठवड्यांत अंगात साचलेलं पाणी लघवी आणि घामावाटे निघून जातं, तेव्हा आणखी दोन-तीन किलो कमी होतात. हे आपोआप होतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. गर्भाशय मूळ आकाराला यायला सुमारे सहा आठवडे लागतात, त्यामुळे महिन्याभरानंतरही पोट पुढे दिसतं ते सगळं चरबीचं नसतं. खरी चरबी म्हणजे मागे उरलेले एक ते पाच किलो, आणि सव्वा महिन्यात त्यांत पडलेली भर.

फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पितं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. प्रथिनं दिवसाला सुमारे ६३ ग्रॅम, कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम.

आता बाळंतिणीचं ताट पाहू. पाव किलो खारीक, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो तूप, ३०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम डिंक, १०० ग्रॅम बदाम आणि थोडी खसखस घेतली तर ५० ग्रॅमचे साधारण २६ लाडू होतात. एकेका लाडवात सुमारे २५० कॅलरी आणि दोन चमचे तूप. दिवसाला दोन लाडू, एक वाटी शिरा आणि भातावर सढळ हाताने तूप, एवढ्यातच वरचे हजार कॅलरी होतात. म्हणजे दुधाला लागतात त्यापेक्षा ४०० जास्त, आणि हे नेहमीच्या जेवणाशिवाय. पूर्वी ही रीत ज्या बाईसाठी होती ती गरोदरपणातही अर्धपोटी असायची आणि सव्वा महिन्यानंतर शेतात किंवा जात्यावर परत उभी राहायची. रीत वाईट नाही. सव्वा महिन्याची गोष्ट सहा महिने चालू राहते, तिथे गणित बिघडतं.

"पाजल्याने आपोआप बारीक" हेही अर्धवट खरं. दूध तयार व्हायला अंगातली चरबी वापरली जाते, पण त्याच काळात भूकही भडकते आणि झोप तुटल्याने गोडाची ओढ वाढते. दुधाने खर्च केलेलं मारी बिस्किटांच्या एका पुड्याने भरून निघतं.

कधी सुरू करायचं आणि कोणी करू नये

पहिले सहा आठवडे वजनाकडे बघूच नका. या काळात दुधाचं प्रमाण बाळाच्या मागणीनुसार बसत असतं, टाके भरत असतात, अंगावरून जात असतं. सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांची तपासणी झाली की सुरुवात करा. त्या भेटीत हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) बघून घ्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही, आणि तो मंदावला असेल तर ताट कितीही कमी केलं तरी काटा हलत नाही. गरोदरपणात साखर वाढलेली होती त्यांनी ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायचीच आहे. बाळाच्या गडबडीत ती हमखास राहून जाते.

काहींनी मात्र थांबायला हवं. बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे किंवा त्याचं वजन नीट वाढत नाही, जुळी आहेत, हिमोग्लोबिन दहाच्या खाली आहे, इन्सुलिन चालू आहे, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, रडू येतं, बाळाबद्दल काही वाटत नाही, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या आत आहे त्यांना उतरवायला फारसं काही नाही. त्यांनी पोटाचे स्नायू बळकट करावेत.

दोन वह्या: बाळाची आधी, आपली नंतर

बाळाचं वजन पंधरा दिवसांतून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करा. अंगणवाडीतला काटा चालतो. नोंद माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात करा. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १७५ ते २१० ग्रॅम वाढ चांगली. तीन ते सहा महिन्यांत ती दिवसाला १५ ते २० ग्रॅमवर येते, हे नैसर्गिक आहे. घाबरून वरचं दूध सुरू करू नका. रोजची खूण म्हणजे शू: चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले, लघवी फिकट. शीचं मात्र सहा आठवड्यांनंतर काही खरं नसतं. नुसतं अंगावर पिणारी काही बाळं चार-पाच दिवस करत नाहीत आणि मजेत असतात.

आपलं वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी लघवी करून, बाळाला पाजून झाल्यावर. दुधाने भरलेल्या अंगाचं आणि रिकाम्या अंगाचं वजन काहीशे ग्रॅमने वेगळं येतं, म्हणून वेळ पाळा. शिवाय बेंबीच्या रेषेत टेपने घेर मोजा. स्नायू सुधारत असतील तर काटा थांबलेला असूनही घेर कमी होतो.

वेग किती? आठवड्याला पाव ते अर्धा किलो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जादा वजनाच्या, पाजणाऱ्या आयांनी रोज सुमारे ५०० कॅलरी कमी घेतल्या आणि आठवड्यातून चार दिवस व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ४.८ किलोंनी उतरलं आणि बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. पण त्या आयांचं वजन मुळात जास्त होतं, आणि खाणं-व्यायाम दोन्ही देखरेखीखाली होतं. घरी स्वतः करताना ३०० ते ४०० ची कपात पुरे.

सलग दोन आठवडे आठवड्याला किलोहून जास्त उतरलं, तर खुश होऊ नका. खाणं वाढवा. तरी तेच चालू राहिलं, छातीत धडधड आणि हाताला कंप असेल, तर थायरॉइड परत तपासा.

काय कमी करायचं, काय अजिबात नाही

क्रम ठरलेला आहे. पहिल्या आठवड्यात फक्त एकच गोष्ट: लाडू दोनाचा एक, आणि तोही लिंबाएवढा, ३० ग्रॅमचा. नवीन घाणा करायचा असेल तर तूप निम्मं घ्या, डिंक तळायच्या ऐवजी कढईत जेमतेम तुपावर फुलवा, खारीक आणि बदाम तेवढेच ठेवा. लाडू थोडे भुसभुशीत होतात, वळताना गूळ कोमट असू द्या.

दुसऱ्या आठवड्यात तूप मोजा. मोजा म्हणजे चहाच्या चमच्याने. एक चमचा ४५ कॅलरी. जेवणात एक, रात्री एक, एवढं राहू दे. वाढणाऱ्याच्या हातून वाढून घेतलं तर हा हिशेब कधीच लागत नाही, तेव्हा तुपाची वाटी स्वतःकडे घ्या. यावरून घरात बोलणं होईल, तेव्हा बाळाच्या वजनाचा तक्ता दाखवा.

तिसऱ्या आठवड्यात प्यायच्या गोष्टी. दिवसाला चार कप साखरेचा चहा, दुधात घालायची चॉकलेटी पावडर, "दूध येण्यासाठी" घेतलेले गोड दाणे. बऱ्याच शतावरी कल्पांत मोठा वाटा साखरेचाच असतो, डब्यावरची यादी वाचा. साखर पहिल्या क्रमांकावर असेल तर ती साखर समजूनच खा.

आणि हे कमी करायचं नाही: डाळी-उसळी, दूध-दही-ताक, अंडी किंवा मासे, पालेभाज्या. आई कमी खाते तेव्हा दूध लगेच पातळ होत नाही. शरीर दुधाचा दर्जा बराच काळ राखतं, पण ते आईच्या हाडांतून आणि साठ्यातून काढून. म्हणून नुकसान सुरुवातीला दिसत नाही, आणि ते आईचं होतं. बी-१२ ला मात्र हा नियम नाही. शुद्ध शाकाहारी आईच्या अंगात बी-१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरतं, आणि बाळ सुस्त होतं, शिकलेल्या गोष्टी विसरतं. दूध-दही मोजकं घेणाऱ्या शाकाहारी आईने बी-१२ तपासावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस आणि कॅल्शियम सहा महिने घ्यायचं असतं. दोन्ही एकत्र गिळू नका, चहाबरोबर तर नाहीच. लोह जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम दुसऱ्या जेवणासोबत.

एका दिवसाचं खाणं असं बसतं, साधारण २००० कॅलरींचं (वाटी म्हणजे १५० मिलिलिटरची):

- उठल्यावर: गाईचं दूध एक कप, त्यात रात्री भिजवलेले एक चमचा अळीव, पाच बदाम.
- नाश्ता: मुगाची दोन धिरडी आणि चटणी, किंवा दोन अंडी आणि दोन फुलके.
- अकराच्या सुमारास: एक पेरू किंवा संत्रं, एक पेला ताक.
- दुपारी: दोन फुलके किंवा एक ज्वारीची भाकरी, दाट वरण किंवा आमटी एक वाटी, पालेभाजी, कोशिंबीर, लहान वाटी भात, दही, एक चमचा तूप.
- चार-साडेचारला: मूठभर फुटाणे आणि चहा. ही वेळ चुकवू नका.
- रात्री: एक भाकरी, मटकीची उसळ किंवा पनीर किंवा मासा, एक भाजी, एक चमचा तूप.
- रात्री पाजताना भूक लागली तर: अर्धा कप दूध किंवा राजगिऱ्याचा लहान लाडू.

यात ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. उंच, जास्त वजनाच्या किंवा दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बाईला २२०० लागतील. कोणत्याही परिस्थितीत १८०० च्या खाली जाऊ नका. १५०० च्या खाली दूध कमी होण्याचा धोका खरा आहे. पाणी तहानेप्रमाणे, दर वेळी पाजायला बसताना एक पेला जवळ ठेवा. चार लिटर ढोसल्याने दूध वाढत नाही, आणि वजनही उतरत नाही.

व्यायाम: पोटापासून सुरू करू नका

सगळ्यांचं लक्ष पोटावर असतं आणि तिथेच घाई होते. पहिल्या आठवड्यापासून करण्यासारखं एकच, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं: शू रोखून धरल्यासारखं पाच सेकंद आवळा, पाच सेकंद पूर्ण सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. सोबत घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं चाला.

सहा आठवड्यांनी बाहेर वीस मिनिटं चालणं सुरू करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, चाळीसपर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, हा वेग. ६५ किलोच्या बाईचे चाळीस मिनिटांत दीडशेच्या आसपास कॅलरी जातात. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा, कारण एका लाडवाला तो पुरत नाही. वजन ताटात उतरतं, व्यायामाने ते परत चढत नाही आणि झोप बरी लागते.

पोटाचे व्यायाम करण्याआधी ही तपासणी: पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून मध्यरेषेत दाबा. दोन किंवा जास्त बोटं आत जात असतील तर पोटाचे स्नायू मधून फाकलेले आहेत. अशा वेळी पोट उचलायचे व्यायाम, नौकासन, दोन्ही पाय एकदम वर घेणं यांनी फट वाढते. त्याऐवजी श्वास सोडताना बेंबी आत खेचणं, टाच सरकवणं, सेतुबंध. आठ आठवड्यांनीही फट तेवढीच राहिली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. फट नसेल तर दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठबस दहा, भिंतीला दंड दहा, सेतुबंध दहा, अशा दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस.

सिझेरियन झालं असेल तर पहिले सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही, आणि पोटाचा व्यायाम डॉक्टरांनी टाका पाहून होकार दिल्यावरच. चालणं मात्र लवकर सुरू करा, त्याने पायांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका कमी होतो.

व्यायामाआधी बाळाला पाजून घ्या. भरलेल्या अंगाने चालणं त्रासाचं होतं. घट्ट धरणारी पण न दाबणारी ब्रा घाला, सतत दाबणारीमुळे गाठी होतात. व्यायामाने दूध आंबतं असं म्हणतात, ते साध्या व्यायामाला लागू नाही. कमी झालेलं रक्त पुन्हा लाल आणि जास्त जायला लागलं तर चार दिवस मागे या.

पोट बांधण्याबद्दल: धोतराचा पट्टा किंवा बेल्ट कंबरेला आधार देतो, सिझेरियननंतर खोकताना बरं वाटतं. चरबी जात नाही. श्वास अडकेल इतका आवळला तर दाब खाली जातो आणि ओटीपोट जड वाटायला लागतं.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सकाळचा नाश्ता सोडणं. रात्रभर पाजलेलं, सकाळी बाळाची अंघोळ आणि मालीश, मग एक वाजता पहिला घास. चार वाजता फरसाणाचा डबा उघडतो तो याच कारणाने. नाश्ता आदल्या रात्री ठरवा, धिरड्यांचं पीठ भिजवून ठेवा.

उपवास. साबुदाण्याच्या एका ताटलीत चार-पाचशे कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम दाण्याच्या कुटाची. करायचाच असेल तर दूध, दही, राजगिरा, वरई, फळं घ्या. निर्जळी उपवास पाजणाऱ्या आईने करू नये. हरतालिकाही फलाहार करून करता येते.

भात-पोळी पूर्ण बंद करून नुसतं पनीर-अंड्यांवर राहणं किंवा सोळा-सोळा तास उपाशी राहणं हे या काळात खरोखर धोक्याचं. दुधासाठी शरीर सतत साखर वापरत असतं. ती मिळाली नाही की रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, श्वास जोरात चालणं, ही लक्षणं दिसली तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, रुग्णालयात जा आणि "मी पाजते आहे, खाणं कमी केलं होतं" हे आधी सांगा. ताप-उलट्यांमुळे खाणं सुटलं तरी हेच होऊ शकतं, त्या दिवसांत कपात थांबवा.

वजन कमी करण्याच्या गोळ्या, पोट साफ करणारे चहा, चरबी जाळणाऱ्या पावडरी, आणि हल्ली फार बोललं जाणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन: पाजेपर्यंत यातलं काहीच नाही. कुठल्याही काढ्यात काय आहे हे लिहिलेलं नसेल तर तो "आयुर्वेदिक आहे" एवढं पुरेसं नाही.

सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ दोन-चार दिवस सारखं पीत राहतं, चिडतं. आईला वाटतं कपातीमुळे दूध आटलं. ते बाळाच्या वाढीचं मागणं असतं. मागेल तसं पाजा, चार दिवसांत बसतं. लंगोट सहापेक्षा कमी झाले किंवा वजनाची वाढ मंदावली, तर मात्र ३०० कॅलरी परत वाढवा, दिवसाला दोन वेळा जास्त पाजा, रात्रीचं पाजणं सोडू नका, आणि तीन दिवसांत फरक नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात, त्याचा दोष डाएटला जातो. ते गरोदरपणात थांबलेलं गळणं संप्रेरकं उतरल्यावर एकदम होतं, डाएट केलं नाही तरी होतं.

आणखी एक, सहसा कुणी सांगत नाही ते. संततिनियमनासाठी घेतलेल्या अंतरा इंजेक्शनने काहींचं वजन वाढतं. काटा न हलण्याचं कारण शोधताना हेही डॉक्टरांना विचारा. इंजेक्शन आपल्या मनाने चुकवू नका, पर्याय ठरवून बदला.

सहा महिन्यांनंतर

उष्टावण झालं की हिशेब बदलतो, पण आईचं ताट बदलत नाही. बाळ नाचणीची पेज आणि मऊ भात खायला लागतं, दूध हळूहळू कमी पितं, आणि उरलेली तुपाची खिमटी "टाकायची कशाला" म्हणून आई संपवते. बाळाची वाटी वेगळी, अर्धीच वाढा. पाजणं दिवसाला दोन वेळांनी कमी झालं की आपला एक फुलका आणि रात्रीचा लाडू कमी करा.

याच सुमारास २६ आठवड्यांची प्रसूती रजाही संपते. कामावर दुपारच्या डब्याशिवाय साडेचारचा डबा वेगळा न्या, फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा फळ. घरी येईपर्यंत काही न खाता राहिलं की स्टेशनवरचा वडापाव चुकत नाही. दूध काढण्याची वेळ तीन-चार तासांहून लांबवू नका, नाहीतर छातीत गाठ धरते आणि ताप येतो. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या जागी पाजण्यासाठी दिवसाला दोन जादा मधल्या सुट्या कायद्याने मिळतात, दूध काढायला त्या मागून घ्या.

पाजणं पूर्ण सुटतं तेव्हा पुन्हा एकदा वही उघडा. दुधाचा खर्च शून्यावर येतो आणि भूक मात्र काही आठवडे जुन्याच सवयीने लागते. त्या महिन्यात मधल्या वेळचं दूध आणि रात्रीचं खाणं काढा, चालणं दहा मिनिटांनी वाढवा, आणि वजन दर आठवड्याला बघत राहा.